एका पैशाचं वजन

३० मे २०१८ ची सकाळ. सलग सोळा दिवस रोज चढत गेलेलं पेट्रोल अखेर उतरलं, अशी बातमी आली. इंडियन ऑइलच्या संकेतस्थळावर आकडा होता साठ पैसे. डिझेल छप्पन्न पैशांनी स्वस्त. लोकांचा पहिला चहा संपतो न संपतो तोच खुलासा आला, की आकडा टाकताना चूक झाली, कपात एका पैशाची आहे. मुंबईत ८६ रुपये २४ पैशांचं पेट्रोल त्या दिवशी ८६ रुपये २३ पैशांना मिळालं.

चार आण्याचं नाणंसुद्धा २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलेलं. एक पैसा तर आता आजोबांच्या ट्रंकेत सापडला तर सापडला. देशभर हसू झालं, विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मीही हसलो. मग पाठकोऱ्या कागदावर गुणाकार करायला बसलो आणि हसू जिरलं.

२०१८-१९ या वर्षात देशात सुमारे २ कोटी ८३ लाख टन पेट्रोल आणि ८ कोटी ३५ लाख टन डिझेल खपलं. टनांचे लिटर केले तर दोन्ही मिळून १३,९०० कोटी लिटरच्या आसपास जातात. लिटरमागे एक पैसा म्हणजे वर्षाला १३९ कोटी रुपये. दिवसाला ३८ लाख. आणि संकेतस्थळावरची ती चूक? ती वर्षभर खरी ठरली असती, तर आठ हजार कोटींच्या घरात गेली असती.

स्कूटरवाल्याच्या पाच लिटरच्या टाकीत मात्र त्या दिवशी पाच पैसे वाचले. हे दोन्ही आकडे खरे आहेत. तेलावरची आपल्याकडची सगळी भांडणं या दोन टोकांमध्ये चालतात. ज्याला दर वाढवायचा असतो तो लिटर दाखवतो: दोन रुपयांनी काय बिघडतं हो? ज्याला ओरडायचं असतं तो लाख कोटी दाखवतो. सत्तांतर झालं की टोकंही बदलतात. मनमोहन सिंग सरकारनं २०१० च्या जूनमध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त केलं, तेव्हा ५ जुलैला भाजप आणि डाव्यांनी भारत बंद केला. १० सप्टेंबर २०१८ ला काँग्रेसनं केला. दोन्ही दिवसांची भाषणं कुणी शेजारीशेजारी ठेवून वाचली, तर वक्त्यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या उचलल्या की काय असं वाटेल. त्याच्याही आधी, १९७३ च्या नोव्हेंबरात, अरब देशांच्या तेलबंदीनंतर भाव चढले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या फोटोला अजून मरण नाही. जो विरोधात असेल तो तो फोटो बाहेर काढतो.

आता हे तेल मुळात आहे तरी किती? मराठी माणसाला पाणी टीएमसीत कळतं, म्हणून तेलही टीएमसीत मोजू. सगळं जग दिवसाला साधारण १० कोटी २० लाख पिंपं तेल वापरतं. एक पिंप १५९ लिटरचं. सेकंदाला १ लाख ८७ हजार लिटर झाले. म्हणजे वीस हजार लिटरचे नऊ टँकर, टाळी वाजवायच्या आत रिकामे. पुढच्या टाळीला आणखी नऊ. हे रात्रंदिवस.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की वर्षाचं तेल म्हणजे समुद्रच. हिशेब केला तेव्हा मी दोनदा शून्यं मोजली. जगाचं वर्षभराचं सगळं तेल, विमानांचं, जहाजांचं, अमेरिकेचं, चीनचं, आपलं धरून, भरतं २०९ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची, उजनी ११७ ची. आठशे कोटी माणसांची वर्षाची धावपळ या दोन धरणांत मावते आणि वर थोडी जागा उरते. भारताच्या वाट्याचं तेल साधारण दहा-अकरा टीएमसी. पुणे महापालिकेला मंजूर पाण्याचा कोटा वर्षानुवर्षं साडेअकरा टीएमसी होता आणि तेवढ्यात पुण्याचं भागत नाही म्हणून दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत दौंड-इंदापूरवाल्यांशी जुंपायची. तेवढ्यावर पुण्याची आंघोळ आणि धुणीभांडी उरकत नाहीत आणि तेवढ्याच तेलावर अख्खा देश चालतो.

एवढ्याशा द्रवात एवढा पैसा आणि एवढी भांडणं कोंबलेली आहेत म्हणूनच त्याचा भाव असा पिसाळतो. २० एप्रिल २०२० ला टाळेबंदीत अमेरिकेतल्या तेलाचा मे महिन्याचा सौदा उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. तेल न्या आणि वर पैसेही न्या, कारण ठेवायला टाक्या उरल्या नव्हत्या. मुंबईत एमसीएक्स या वायदेबाजारानं त्याच हिशेबानं पिंपामागे उणे २,८८४ रुपये असा भाव ठरवला आणि प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. वायदेबाजारात तेल घेणाऱ्याला फार तर भाव शून्यावर येईल एवढीच भीती असते. शून्याखालीही तळघर असतं हे तेव्हा कळलं.

त्या दिवसांत पंपावर पेट्रोल फुकट मिळायला हवं होतं, असं अजूनही अनेकजण म्हणतात. झालं भलतंच. ५ मे २०२० च्या रात्री केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव हलला नाही, कारण कच्चं तेल जेवढं कोसळलं होतं तेवढ्यात ही वाढ बसवली गेली. सकाळी उठल्यावर कुणाला काही जाणवलंच नाही. त्या वर्षीच्या खपानं गुणलं तर ही एका रात्रीची वाढ वर्षाकाठी दीड लाख कोटी रुपयांची भरते. इतका मोठा कर इतक्या गुपचूप बसवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं, डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. त्या वर्षीच्या जूनमध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्याही खाली आलं आणि त्या उतरंडीवर सरकारनं नऊ वेळा शुल्क वाढवलं. २०२० च्या मे महिन्यानंतर पेट्रोलवरचा आकडा ३२ रुपये ९८ पैसे झाला, डिझेलवरचा ३१ रुपये ८३ पैसे. पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून २०१४-१५ मध्ये केंद्राला सुमारे ९९ हजार कोटी मिळाले होते, २०२०-२१ मध्ये ३ लाख ७३ हजार कोटी. आणि हे असं वर्ष, ज्यात निम्मा देश घरात बसलेला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. टाळेबंदीत बाकीचे कर आटले होते, मोफत धान्य आणि लस यांना पैसा लागत होता, रस्तेही व्हायचे होते. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जे कारण पुढे केलं, ते गुणाकारात टिकत नाही. त्यांचं म्हणणं असं की काँग्रेसच्या राजवटीत पेट्रोल स्वस्त ठेवायला तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी तेलरोखे दिले गेले, ते आम्ही फेडतोय, म्हणून शुल्क कमी करता येत नाही. रोखे खरे होते. २०१४ मध्ये १ लाख ३४ हजार कोटींचं ते ओझं नव्या सरकारच्या डोक्यावर आलं, आणि भाव आज कमी ठेवून बिल उद्याच्या सरकारच्या नावानं फाडायचं हा उद्योग शहाणपणाचा नव्हताच. पण सात वर्षांत त्यांवर व्याज गेलं ७० हजार कोटी, मुद्दल फिटली साडेतीन हजार कोटी. वर्षाला दहा हजार कोटी धरले, तरी २०२०-२१ च्या खपानुसार लिटरमागे ऐंशी पैसे होतात. बत्तीस रुपयांचं उत्तर ऐंशी पैशांत?

त्या शुल्काची फोड तर आणखी गमतीची आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर ते पेट्रोलवर ३२ रुपये ९० पैसे होतं, त्यात रस्त्यांचा उपकर १८ रुपये, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, शेतीचा उपकर अडीच रुपये आणि मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त या शेवटच्या कप्प्यातून, ४१ टक्के. म्हणजे केंद्रानं लिटरमागे ३३ रुपये गोळा करायचे आणि सगळ्या राज्यांनी मिळून त्यातले ५७ पैसे वाटून घ्यायचे. यावरून बिगरभाजप राज्यं आरडाओरड करत होती ती उगाच नाही.

पण राज्यं म्हणजे काही साधूसंत नव्हेत. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुष्काळात लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. दुष्काळ सरला, अधिभाराची परंपरा मात्र फोफावली. २०२० च्या जूनपर्यंत मुंबई-ठाण्यात पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि त्यावर १० रुपये १२ पैसे अधिभार होता. टक्केवारीची मेख अशी की व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो. केंद्रानं कर वाढवला की राज्याचा कर बसल्याजागी वाढतो, आणि राज्य वर केंद्राला शिव्याही देऊ शकतं. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राला इंधनावरच्या करातून ३४ हजार कोटी मिळाले, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

२७ एप्रिल २०२२ ला पंतप्रधान मोदींनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्राचं नाव घेऊन व्हॅट कमी करायला सांगितलं. उद्धव ठाकरे यांचं उत्तर पैशापैशाचं होतं: मुंबईत डिझेलच्या लिटरमागे २४ रुपये ३८ पैसे केंद्राचे, २२ रुपये ३७ पैसे राज्याचे, पेट्रोलमध्ये ३१ रुपये ५८ पैसे केंद्राचे, ३२ रुपये ५५ पैसे राज्याचे. शिवाय जीएसटीच्या थकबाकीचे साडेसव्वीस हजार कोटी कुठायत? महिनाभरात, २१ मे ला, केंद्रानं शुल्क पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपयांनी उतरवलं. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र सरकारनं जाहीर केलं, आम्हीही पेट्रोल २ रुपये ८ पैशांनी आणि डिझेल १ रुपया ४४ पैशांनी कमी करतोय, त्यापोटी तिजोरीवर वर्षाला अडीच हजार कोटींचा भार पडेल.

हे दोन आकडे जरा डोळ्यांजवळ धरा. कपात करणारं कुठलंही सरकार दोन रुपये म्हणेल, अडीच म्हणेल. हे वरचे आठ पैसे आले कुठून? आठ रुपयांचे २६ टक्के काढा: दोन रुपये आठ पैसे. डिझेलवर मुंबईतला व्हॅट २४ टक्के. सहा रुपयांचे २४ टक्के काढा: एक रुपया चव्वेचाळीस पैसे. केंद्राचा आकडा उतरला म्हणून राज्याचा व्हॅट जेवढा आपोआप घसरणार होता, तेवढाच घोषणेत आला. शेजाऱ्यानं दिवा लावला, उजेड आपल्या ओसरीवर पडला आणि आपण म्हटलं, बघा, आम्हीपण दिवाळी केली. हा गुणाकार चौथीतल्या पोराला येतो. मंत्रालयात कुणाला येत नसेल असं मला वाटत नाही. जूनअखेर सरकार बदललं आणि जुलैत नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये खरोखर कमी केले, वर्षाला सहा हजार कोटी सोडून. तोच व्हॅट, तीच तिजोरी, पण केंद्रातलं आणि राज्यातलं सरकार आता एका रंगाचं.

परभणीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईचं पेट्रोल २९ मे २०२१ ला शंभरी पार करून गेलं त्याची देशभर बातमी झाली. परभणी त्याआधीच पोचली होती. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून तिची ख्याती जुनी, आणि कारण अगदी साधं: तेल येतं तीनएकशे किलोमीटरवरच्या मनमाडच्या आगारातून आणि टँकरचं भाडं लिटरला चिकटतं. जिथे उत्पन्न कमी तिथे भाव जास्त. त्या वर्षी दर तीन आकडी झाला तेव्हा देशात कित्येक ठिकाणी पंपावरच्या जुन्या यंत्रांना तो दाखवता येईना. दराच्या खिडकीत रुपयांना दोनच घरं. यंत्र बनवणाऱ्यानं शंभर रुपये लिटर ही कल्पनाच केली नव्हती.

बाहेरच्या जगातही मोजपट्ट्यांचा हाच खेळ चालतो. २०२२ च्या मार्चअखेर अमेरिकेत पेट्रोल भडकलं तेव्हा जो बायडेन यांनी सरकारी साठ्यातून सहा महिन्यांत १८ कोटी पिंपं बाजारात आणायचं ठरवलं. त्या साठ्यातून इतकं तेल एका निर्णयानं कधीच निघालं नव्हतं. रिपब्लिकनांनी मध्यावधी निवडणुकीसाठी देशाची तिजोरी रिकामी केली म्हणून रान उठवलं. १८ कोटी पिंपं म्हणजे जगाचा पावणेदोन दिवसांचा खप. आपला साठा विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरच्या पोटात खोदलेल्या गुहांत आहे, सगळा मिळून ५३ लाख टन, सरकारी हिशेबानं देशाला साडेनऊ दिवस पुरेल इतका. २०२० मध्ये तेल मातीमोल असताना तो सरासरी १९ डॉलरनं भरून घेतला आणि पाच हजार कोटी वाचले. हा चोख व्यवहार होता. त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही, कारण त्यात भांडायला काही नव्हतं.

रशियाकडून तेल घेण्याबद्दल वॉशिंग्टनमध्ये विचारलं गेलं तेव्हा, २०२२ च्या एप्रिलमध्ये, परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सुनावलं होतं की आमची महिन्याची खरेदी युरोपच्या एका दुपारपेक्षा कमी असेल. तेव्हा ती खरेदी खरंच छोटी होती. वर्षभरात आपल्या आयातीतला प्रत्येक तिसरा थेंब रशियाचा झाला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच तेलापायी ट्रम्प यांनी भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क ठोकलं.

आपल्याच घरातलं तेल काढा की, हा सल्ला सगळ्यात सोपा. मुंबईपासून १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या रिगला तेल लागलं तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. बॉम्बे हायनं पुढे खरोखरच देशाला हात दिला. पण विहीर म्हातारी होते. २०१५ च्या मार्चमध्ये मोदींनी लक्ष्य दिलं होतं: तेलातलं परावलंबन ७७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायचं. २०२३-२४ मध्ये ते ८७ टक्क्यांच्या पुढे होतं. दहाचा आकडा बरोबर आला, दिशा तेवढी चुकली. देशातलं उत्पादन त्या दहा वर्षांत पावणेचार कोटी टनांवरून तीन कोटींच्या खाली आलं आणि खप वाढतच गेला.

मग इथेनॉल. इथे विषय थेट आपल्या बांधावर येतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळायला वर्षाला हजार कोटी लिटरहून थोडं जास्त इथेनॉल लागेल, असा नीती आयोगाचा २०२१ चा अंदाज. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्यावर सभेत कुणी बोलत नाही: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. सगळं इथेनॉल काही उसाचं नसतं, मका आणि तांदळाचंही असतं. एक तृतीयांशच उसाचं धरू. गुणाकार केला तर ३४० टीएमसीच्या वर पाणी लागतं. कोयना तीन वेळा भरून वर उरेल इतकं. साऱ्या जगाचं वर्षाचं तेल दोन कोयनांत बसत होतं, हे विसरला नसाल. ऊस असाही लावला जाणारच होता, त्याची साखर गोदामात सडण्यापेक्षा हे बरं, असं कारखानदार म्हणतील, आणि उसाचं बिल वेळेवर मिळालेला शेतकरी मान डोलावेल. त्यांचंही खोटं नाही. पण तेलाची आयात कमी करतो म्हणताना आपण कुठल्या टीएमसीतून कुठल्या टीएमसीत देणं वळवतोय, हे लातूरला रेल्वेनं पाणी आणलेल्या राज्यात तरी कुणी फळ्यावर मांडायला हवं होतं.

दर रोज बदलायची पद्धत १६ जून २०१७ ला सुरू झाली, बाजारच भाव ठरवेल म्हणून. त्या बाजाराला निवडणुकीचं वेळापत्रक तोंडपाठ निघालं. २०१८ मध्ये कर्नाटकच्या मतदानाआधी एकोणीस दिवस दर जागचे हलले नाहीत, आणि मतदान झाल्यावर ते सोळा दिवस चढले, ज्यांच्या शेवटी तो एक पैसा आला. २०२१-२२ मध्ये उत्तर प्रदेशाच्या निवडणुकीच्या काळात १३७ दिवस शांतता, आणि मग सोळा दिवसांत दहा रुपये. २०२२ च्या एप्रिलपासून जवळजवळ दोन वर्षं कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून ८१ हजार कोटींपर्यंत गेला, आणि लोकसभेच्या तोंडावर, १५ मार्च २०२४ ला, पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं. तोवर खप वाढून पेट्रोल-डिझेल मिळून वर्षाला १५,८०० कोटी लिटर झाला होता. एका पैशाचं वजन १५८ कोटी.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर लिटरच्या हिशेबानं कुणी पेट्रोल घेत नाही. ‘शंभरचं टाक’, ‘दोनशेचं टाक’. मुलगा ‘झिरो बघा’ म्हणतो, आपण बघतो, आकडे पळतात. त्या ३० मे ला शंभर रुपयांत, एका पैशाच्या कपातीमुळे, किती जास्त पेट्रोल मिळालं असेल हे मी नंतर काढून पाहिलं: ०.१३ मिलिलिटर. दोन किंवा तीन थेंब. नोझल बाहेर काढताना मुलगा सवयीनं ते टाकीच्या तोंडावर झटकतो, तेव्हा साधारण तेवढेच पडतात. आणि झटकायचं विसरला, तर मागे रांगेत उभा असलेला माणूसही सांगतो, अरे, झटक की नीट.